उत्सवातले ‘सौभद्र’

गोव्यातील अंत्रुज महालात देवस्थानांच्या उत्सवांचे दिवस सुरू झाले की संध्याकाळी एक दृश्य हमखास दिसते. पालखी देवळात परतलेली असते, आरती आटोपलेली असते, प्रसाद घेऊन मंडळी घरी जाण्याऐवजी प्राकारातील मांडवाकडे वळत असतात. रंगमंचाचा दर्शनी पडदा अजून खाली असतो. त्याच्याआड कोणी तबल्याच्या वादीवर हातोडी मारून सूर जुळवीत असतो आणि बाहेर फळ्यावर खडूने ठळक अक्षरांत लिहिलेले असते : ‘संगीत सौभद्र’. अर्जुन दुपारपर्यंत बँकेच्या काउंटरवर बसलेला असतो. नारद हायस्कुलात गणित शिकवितो, बलरामाचा नारळाचा व्यापार असतो आणि घटोत्कचाची निवड त्याच्या गळ्याकडे न पाहता देहयष्टीकडे पाहून झालेली असते, हे साऱ्या गावाला ठाऊक असते. तिसरी घंटा होते, नांदीचे सूर उठतात आणि पुढील काही तास द्वारकेचे राजघराणे त्या गावचे होऊन जाते.

हे चित्र गोव्यापुरतेच आहे असे नाही. कोकणात, सांगली-कोल्हापूरकडे, पुण्याच्या सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिराच्या रंगमंचावर, गिरगावात साहित्य संघाच्या परंपरेत हौशी मंडळींनी संगीत नाटके उभी केलेली आहेत. परंतु गोव्यातील उत्सवी रंगभूमीवर त्याचे जे सहज, घरगुती रूप पाहावयास मिळते ते अन्यत्र क्वचितच आढळते. म्हणूनच संगीत नाटकाच्या भवितव्याची चर्चा करणाऱ्यांनी महानगरातील महोत्सवांपेक्षा आधी या मांडवाकडे पाहिले पाहिजे.

‘संगीत नाटक संपले’ हे विधान मराठी माणूस गेली नव्वद वर्षे तरी ऐकत आला आहे. १९३१-३२ साली बोलपट आला आणि बिऱ्हाडे पाठीवर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या नाटक मंडळ्यांचा काळ पाहता पाहता ओसरला, हे खरेच. पुढे साठच्या दशकात विद्याधर गोखले यांच्यासारख्या पत्रकार-नाटककाराने ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘सुवर्णतुला’, ‘मंदारमाला’ ही नाटके देऊन संगीत रंगभूमीला पुन्हा गर्दी मिळवून दिली आणि १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’ने एक वेगळाच टप्पा गाठला. अलीकडे ‘बालगंधर्व’ (२०११), ‘कट्यार काळजात घुसली’ (२०१५) आणि ‘संगीत मानापमान’ (२०२५) या चित्रपटांमुळे हा विषय नव्या पिढीच्या कानी पडला. प्रत्येक वेळी पुनरुज्जीवनाची घोषणा होते, वृत्तपत्रांतून लेख येतात आणि वर्षभराने पुन्हा तेच मृत्युलेख छापले जातात. या दोन गोंगाटांच्या मधल्या काळात नाटक जिवंत कोणी ठेवले, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. याचे उत्तर त्या फळ्यावरच्या खडूच्या अक्षरांत आहे.

मुळात संगीत नाटकाचा जन्मच अशा मंडळींच्या हातून झाला, याचा सोयीस्कर विसर पडला आहे. अण्णासाहेब किर्लोस्कर हे सरकारी नोकर होते. नाटकाच्या वेडापायी नोकरी सांभाळून त्यांनी पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. ‘सौभद्र’चे पहिले तीन अंक १८ नोव्हेंबर १८८२ रोजी झाले आणि संपूर्ण पाच अंकी नाटक पुढील वर्षी लोकांपुढे आले. १८८५ साली वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी अण्णासाहेब गेले. म्हणजे मराठी माणसाने सव्वाशेहून अधिक वर्षे डोक्यावर घेतलेला हा सारा ठेवा एका नोकरदाराच्या पाच वर्षांच्या उद्योगातून निर्माण झाला.

‘सौभद्र’मध्ये शंभराहून अधिक पदे आहेत. आजच्या वाचकाला ही संख्या ऐकून धसका बसेल. पण ती पदे आजच्यासारखी दहा-दहा मिनिटे आळविण्यासाठी नव्हती. साकी, दिंडी, ओवी, कामदा अशी कीर्तनात आणि घरात रुळलेली वृत्ते, कानडी मुलखातून उचललेल्या चाली, लावणीचा ठसका, असा तो साज होता. संवाद बोलता बोलता पात्र गाऊ लागे आणि गाता गाता पुन्हा बोलू लागे. ज्या प्रेक्षकाने आयुष्यात एकदाही गवयाची बैठक ऐकली नाही, त्यालाही ती चाल दुसऱ्या दिवशी गुणगुणता येत असे. किर्लोस्करांचे संगीत सामान्य गळ्याला झेपणारे होते आणि त्याच कारणाने ते गावोगाव पोहोचले.

पुढे चित्र पालटले. १९११ साली खाडिलकरांच्या ‘मानापमाना’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ साली ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या आणि रागदारी संगीत नाट्यगृहात अवतरले. बालगंधर्वांच्या साथीला अहमदजान थिरकवाँसारखा थोर तबलानवाज बसला. हा महाराष्ट्राचा भाग्ययोगच होता. एरवी दरबारांत आणि मैफलींत कोंडलेले गाणे तिकीट काढून आलेल्या कारकुनाला ऐकावयास मिळाले. मात्र याच भाग्याची एक बाजू हौशी रंगभूमीला आजतागायत जाचते. ध्वनिमुद्रिका ऐकून बालगंधर्वांची तान, त्यांची मुरकी, एवढेच नव्हे तर त्यांचा श्वास घेण्याचा ठिकाणसुद्धा उचलण्याचा अट्टाहास हौशी गायकनट करतात. बिचारी रुक्मिणी समोर ताटकळत उभी आणि कृष्णाची एकाच ओळीवरील नक्षी संपता संपत नाही, असे प्रसंग ज्यांनी पाहिले आहेत त्यांना याचे विवरण सांगावयास नको. गंधर्वांना शोभले ते त्यांच्या ठायी शोभले. गावच्या मंडळीने किर्लोस्करांकडे परत जावे. त्यात कमीपणा मुळीच नाही.

‘सौभद्र’ टिकले ते केवळ पदांच्या बळावर टिकले, असेही मानण्याचे कारण नाही. त्याचे गद्य मन लावून ऐकावे. द्वारकेतील ही मंडळी पुराणातून उतरून थेट एकोणिसाव्या शतकातील मराठी घरात येऊन बसली आहेत. थोरला भाऊ तापट, शब्दाचा पक्का आणि भोळा. धाकटा कावेबाज, पण प्रेमळ. वहिनी समजूतदार आणि मधल्यामध्ये लग्नाच्या वयाची बहीण. बहिणीचे लग्न दुर्योधनाशी लावून देण्याचा शब्द बलरामाने दिला आहे, तिचे मन अर्जुनावर आहे आणि कृष्णाला सारे ठाऊक असून तो काहीच ठाऊक नसल्यासारखा वावरतो आहे. महाराष्ट्रातील कोणत्या एकत्र कुटुंबात हे नाट्य घडले नाही?

आणि मग तो संन्यासी! अर्जुन यतीचा वेष घेतो, भोळा बलराम त्या ‘महात्म्या’ला घरी आणून त्याच्या सेवेसाठी साक्षात बहिणीलाच नेमतो आणि मांडवातील सारे गाव पोट धरून हसते. हे हसणे कोठे चालले आहे, हे ध्यानी घ्यावे. देवळाच्या प्राकारात, देवाच्या उत्सवात, पालखीपुढे नुकतेच हात जोडलेले लोक भगव्या वेषातल्या लबाडीवर आणि देवादिकांच्या घरगुती कुरबुरींवर हसत आहेत आणि त्यात कोणाच्याही श्रद्धेला ओरखडा उठत नाही. ज्या समाजाचे आपल्या देवांशी इतके जवळचे नाते असते तोच असे हसू शकतो. आजकाल आपल्यापैकी काहींना कशानेही चटकन दुखावल्यासारखे होते. त्यांनी उत्सवातले ‘सौभद्र’ एकदा आजीच्या शेजारी बसून पाहावे.

गोव्यात हे नाटक इतके खोलवर का रुजले, याला इतिहास आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज सत्तेने तिसवाडी, साष्टी या भागातील देवळे पाडली, तेव्हा लोकांनी आपली दैवते खाडीपलीकडे अंत्रुज महालात हलविली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला आला तो याच धामधुमीत. पुढे शतकानुशतके राजसत्तेची भाषा पोर्तुगीज होती आणि छापल्या जाणाऱ्या शब्दावर पहारा होता. अशा काळात देऊळ हीच पाठशाळा आणि तेच सभागृह होते. कीर्तन, भजन, पुराण आणि उत्सवातले मराठी नाटक या मार्गाने भाषा, संगीत आणि कथा पिढ्यान् पिढ्या पोहोचत राहिल्या. मंगेशीच्या परिसरात वाढलेल्या दीनानाथांनी पुढे बलवंत संगीत मंडळीच्या रूपाने अवघ्या महाराष्ट्राला वेड लावले आणि १९३१ साली स्वातंत्र्यवीर सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ रंगभूमीवर आणण्याचे धाडस दाखविले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा ही परंपरा नव्याने निर्माण करावी लागली नाही.

मात्र या इतिहासातील एक पान आपण घाईने उलटतो. देवळांच्या आश्रयाने गाणे जोपासले ते प्रामुख्याने तेथील कलावंत घराण्यांनी. त्या घरांतील स्त्रियांच्या गळ्यावर समाजाने प्रेम केले, त्यांना मानाचे स्थान मात्र दिले नाही. त्याच वेळी तथाकथित प्रतिष्ठित घरांतील मुलींना रंगमंचाची पायरीसुद्धा वर्ज्य होती आणि सुभद्रेचे काम पुरुषांनीच करावे असा दंडक होता. भाऊराव कोल्हटकरांपासून बालगंधर्वांपर्यंत त्या दंडकातून अलौकिक कला निर्माण झाली, हे मान्य करूनही त्यातील अन्याय नाकारता येत नाही. हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ सालच्या सुमारास आपली नाटक मंडळी काढून स्त्रीभूमिका स्त्रियांनी करण्याचा पायंडा पाडला, तेव्हा तिला केवढ्या कुजबुजीला तोंड द्यावे लागले असेल याची कल्पना करावी. पुष्कळ गावांतून पुरुषपात्रे गावची आणि नायिका मात्र बाहेरून मानधन देऊन आणलेली, अशी रीत पडली. त्या व्यावसायिक अभिनेत्रींनी चार-दोन तालमींत नवख्या अर्जुनांना सांभाळून घेतले, त्यांचे ऋण मोठे आहे. पण ज्या गावात आज मुली डॉक्टर होतात आणि दुचाकीवरून पणजीला नोकरीस जातात, त्या गावातील पालकांना मुलगी गावच्या मांडवात सुभद्रा म्हणून उभी राहण्यात अजूनही संकोच वाटत असेल, तर तो संकोच कशाचा आहे हे घराघरांत एकदा स्पष्ट बोलले गेले पाहिजे. जेथे हा बांध फुटला आहे तेथे नाटकाची रंगत वाढलीच आहे. गाण्याच्या क्लासला जाणाऱ्या मुलींची संख्या मुलांपेक्षा कमी नाही. तालमीला मात्र सूत्रधार शोधता शोधता गावाची दमछाक होते.

दुसरी अडचण वाद्याची. संगीत नाटकाचा प्राण ऑर्गनमध्ये असतो. पायाने भाता चालवायचा आणि दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे ठेवायचे, अशा या पायपेटीचा भरदार, ठाय स्वर नटाला उचलून धरतो. बालगंधर्वांच्या काळात ही वाद्ये परदेशांतून येत असत. ती आता जुनी झाली, भाते फाटले, स्वरपट्ट्या गंजल्या. दुरुस्त करणारे हात मोजके आणि वाजविणारे त्याहून थोडे. नटाच्या श्वासाकडे डोळा ठेवून त्याच्या अर्धा क्षण आधी स्वर देणारा ऑर्गनवादक वर्षानुवर्षांच्या संगतीने तयार होतो. ते जमेना म्हणून आता काही ठिकाणी आधीच मुद्रित केलेल्या साथीवर पदे म्हटली जातात. खर्च वाचतो, तालमी कमी लागतात, हे युक्तिवाद खोटे नाहीत. परंतु मुद्रित साथ कोणासाठी थांबत नाही. प्रेक्षागृहातून ‘वन्समोअर’ आला तर तिला ऐकू येत नाही, नट एखादी ओळ विसरला तर ती त्याला सावरून घेत नाही. नाटक जिवंत असण्याचा अर्थच त्या सावरून घेण्यात आहे. या पार्श्वभूमीवर रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे नवे ऑर्गन घडविण्याचे काम अलीकडच्या काळात सुरू झाले, ही वार्ता कोणत्याही चित्रपटाच्या जाहिरातीपेक्षा मोलाची मानावी लागेल. वाद्य मिळू लागले. आता त्यावर बसणारी दहा-बारा वर्षांची मुले हवीत.

वेळेचा प्रश्नही आहेच. पूर्वी उत्सवातले नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटे संपे. २००० साली आलेल्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनी रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद झाले. वर्षातील ठरावीक दिवशी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते, एवढेच. या नियमांवर आगपाखड करण्यात अर्थ नाही. झोप हवी असलेला शेजारी आणि परीक्षेला बसलेली मुले आपलीच आहेत. पाच अंकांचे नाटक तीन-साडेतीन तासांत बसवावे लागते आणि मग कात्री चालते. ती कोठे चालवावी यातच दिग्दर्शकाची पारख आहे. बहुधा गद्य कापले जाते आणि पदांवरचा विस्तार तसाच राहतो; त्यामुळे गोष्ट ठाऊक नसलेल्या तरुण प्रेक्षकाला कोण कोणाचा भाऊ याचाही पत्ता लागत नाही आणि तो मोबाईल काढून बसतो. त्याला दोष देण्यापूर्वी आपण त्याच्या हाती काय दिले, हे तपासावे. विस्तार आवरावा, बलराम-कृष्णाचे संवाद राखावेत. ध्वनिवर्धकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचविण्याची विद्या जुन्या नटांपाशी होती, तिचाही थोडा अभ्यास झाला तर बिघडणार नाही.

महाराष्ट्र शासनाची संगीत नाट्य स्पर्धा आणि गोव्याच्या कला अकादमीचे उपक्रम यांनी हौशी संस्थांना आधार दिला, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण बक्षिसासाठी बसविलेले नाटक पुष्कळदा स्पर्धेच्या एका प्रयोगाबरोबर संपते. दोन महिन्यांच्या तालमी, उसने आणलेले शेले आणि मुकुट, रंगविलेले पडदे, हे सारे एका रात्रीसाठी! उत्सवी नाटकाचे तसे नसते. ते पुढल्या वर्षी पुन्हा उभे राहते, कारण उत्सव पुन्हा येणारच असतो. आज नारद झालेला मुलगा वीस वर्षांनी बलराम होतो आणि त्याच्या तोंडी असलेले शब्द विंगेत उभा असलेला दहा वर्षांचा पोर पाठ करीत असतो. असे शिक्षण अनुदान देऊन सुरू करता येत नाही.

महाराष्ट्रातील गणेशोत्सव मंडळांना या संदर्भात एक विनंती करावीशी वाटते. सार्वजनिक उत्सवाच्या आरंभीच्या काळात मेळे होते, पदे होती, नाटके होती. लोकमान्यांच्या निधनानंतर टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी ‘संयुक्त मानापमान’ केले. राष्ट्रकार्य आणि नाट्यसंगीत यांत अंतर आहे, असे तेव्हा कोणास वाटले नाही. आज दहा दिवसांतील किती रात्री भिंती हादरविणाऱ्या यंत्रांना दिल्या जातात, याचा हिशेब मंडळांच्या कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. त्यांतील एक रात्र ‘सौभद्र’ला, ‘शारदा’ला किंवा ‘संशयकल्लोळ’ला द्यावी. नाटक बाहेरून विकत आणू नये. वस्तीतील लोकांनीच ते बसवावे. पहिल्या वर्षी फजिती होईल. पडदा अडकेल, सुभद्रा पट्टी चुकेल, घटोत्कचाची मिशी गळून पडेल. गावोगावच्या जुन्या मंडळींपाशी अशा फजितींच्या आठवणी भरपूर आहेत आणि नाटकापेक्षा त्याच अधिक रंगवून सांगितल्या जातात.

भरतवाक्य होते, पडदा पडतो. रंगपटात खोबरेल तेलाने चेहऱ्यावरचा रंग पुसण्याची घाई सुरू होते. मुकुट मोजून पेटाऱ्यात जातात, ऑर्गनवर चादर पडते आणि मांडवात सांडलेल्या खुर्च्या रचण्याचे काम कृष्ण-बलराम दोघे मिळून करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेच्या काउंटरवर पासबुक घेऊन आलेल्या म्हातारीला अर्जुनाच्या डोळ्यांच्या कडांना राहिलेली काजळाची रेघ दिसते. ती पासबुक पुढे सरकवीत म्हणते, दुसऱ्या अंकातले ते पद काल तू फार लवकर संपविलेस.